केडीएफचे डॉक्युमेंटेशन: चुकीची किल्लीही बरोबर किल्लीसारखीच दिसते

केडीएफ (की डेरिव्हेशन फंक्शन) म्हणजे पासवर्डमधून किंवा दुसऱ्या एखाद्या गुपितातून एन्क्रिप्शनची किल्ली काढणारे फंक्शन. प्रश्न थोडक्यात असा. एका क्रिप्टोग्राफी लायब्ररीत पीबीकेडीएफ२, एस्क्रिप्ट, आर्गॉन२आयडी, एचकेडीएफ आणि जुन्या प्रोटोकॉलांसाठी एक्स९.६३ व कॉन्कॅट केडीएफ अशी सहा फंक्शन्स आहेत. कोडमधल्या टिपांवरून एपीआयची पाने आपोआप तयार होतात: पॅरामीटरचे नाव, त्याचा टाइप आणि एक ओळ. तरीही लोक ती चुकीची वापरतात, आणि दुसऱ्या भाषेतल्या लायब्ररीशी किल्ली जुळत नाही अशा तक्रारी थांबत नाहीत. त्या पानांवर नेमके काय लिहावे?

केडीएफ कधी तक्रार करत नाही, सगळी अडचण इथून सुरू होते. फाइलचा पत्ता चुकला तर एक्सेप्शन येते, यादी लावणारे फंक्शन चुकले तर यादी वाकडी दिसते. केडीएफला मात्र पासवर्डच्या जागी सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचे रँडम बाइट) आणि सॉल्टच्या जागी पासवर्ड दिला तरी ते निमूटपणे ३२ बाइट काढून हातात ठेवते, आणि ते ३२ बाइट बरोबर किल्लीइतकेच रँडम दिसतात. चूक कळते ती समोरच्या प्रणालीला डेटा उलगडत नाही तेव्हा. दोन्ही बाजूंनी एकच चूक केलेली असेल तर तेव्हाही कळत नाही. म्हणजे एरर मेसेजचे काम इथे डॉक्युमेंटेशनलाच करावे लागते. प्रत्येक पॅरामीटर समोर घ्या आणि विचारा: हा चुकला तर वापरणाऱ्याला काय दिसेल? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर त्या पॅरामीटरचे एका ओळीत भागणार नाही.

पहिली दुरुस्ती अनुक्रमणिकेत करा. सहाही फंक्शन्स अकारविल्हे एका यादीत टाकू नका. वाचणारा ‘मला किल्ली हवी’ एवढेच मनात घेऊन येतो आणि यादीतले पहिले किंवा सर्वांत सोपे दिसणारे उचलतो. सोपे दिसते ते एचकेडीएफ, कारण त्यात इटरेशन (मुद्दाम लावलेली आवर्तने) नाहीत, मेमरीची अट नाही. म्हणून पानाच्या माथ्यावरच दोन वाटा करा. हातात माणसाने टाइप केलेला पासवर्ड असेल तर आर्गॉन२आयडी, एस्क्रिप्ट, पीबीकेडीएफ२. हातात आधीच भक्कम गुपित असेल, म्हणजे ३२ रँडम बाइट किंवा ईसीडीएचमधून (दोन पक्षांनी मिळून एकच गुपित ठरवण्याची पद्धत) आलेले सामायिक मूल्य, तर एचकेडीएफ आणि बाकीचे दोन. पासवर्ड एचकेडीएफमध्ये घातला तर हल्लेखोराला प्रत्येक अंदाजासाठी मोजके एचमॅक (किल्ली घालून काढलेला हॅश, म्हणजे डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा) पुरतात. त्याला अडवणारे काही राहतच नाही. उलट ईसीडीएचचे मूल्य ६ लाख इटरेशनच्या पीबीकेडीएफ२ मधून काढले तर सुरक्षेत काडीची भर पडत नाही, फक्त सर्व्हर दमतो. ही दोन वाक्ये सहाही पानांवर पुन्हा पुन्हा छापा. लोक शोध घेऊन थेट त्या पानावर उतरतात. अनुक्रमणिका त्यांनी पाहिलेली नसते.

त्यानंतर एकके. लांबी नावाचा पॅरामीटर जवळजवळ प्रत्येक केडीएफला असतो आणि जवळजवळ प्रत्येक मंचावर त्याचा अर्थ वेगळा असतो. पायथॉनमध्ये तो बाइटमध्ये. जावाच्या पीबीई-की-स्पेकमध्ये बिटमध्ये. ब्राउझरच्या वेबक्रिप्टोमध्येही बिटमध्ये. क्रिप्टोजेएसमध्ये तर ३२ बिटांच्या शब्दांमध्ये, म्हणून तिथे २५६ भागिले ३२ असे लिहिलेले दिसते. जावातला २५६ हा आकडा पायथॉनमध्ये तसाच उतरवला तर २५६ बाइटची किल्ली मिळते. एन्क्रिप्शनचे एईएस ती नाकारेल, पण एचमॅकला कोणत्याही लांबीची किल्ली चालते, त्यामुळे तिथे ती मुकाट्याने खपून जाते. ‘लांबी: हव्या असलेल्या किल्लीची लांबी’ या ओळीने कुणाचेच भले होत नाही. ‘लांबी, बाइटमध्ये, एईएस-२५६ साठी ३२’ असे लिहिले की काम झाले.

मेमरीचेही तेच. आर्गॉन२ च्या आरएफसी ९१०६ या तांत्रिक दस्तऐवजात (२०२१) एम, म्हणजे मेमरी, किबिबाइटमध्ये (१,०२४ बाइट) मोजतात: ६५,५३६ म्हणजे ६४ मेबिबाइट. लिबसोडियम लायब्ररी तीच मर्यादा बाइटमध्ये मागते. एस्क्रिप्टच्या एन या खर्च-पॅरामीटरला तर एककच नाही. त्याला १२८ × एन × आर (आर म्हणजे ब्लॉकचा आकार ठरवणारा आकडा) हे सूत्र लावावे लागते आणि उत्तर बाइटमध्ये येते. एन १६,३८४ आणि आर ८ असेल तर १६ मेबिबाइट. एन २ चा १७वा घात असेल तर १२८ मेबिबाइट. २०वा घात असेल तर १ गिबिबाइट. हे सूत्र पानावर द्याच, आणि सोबत या तीन ओळींचा तक्ताही द्या. एक खोच इथे वारंवार नडते. ओपनएसएसएल लायब्ररीच्या ‘ईव्हीपी_पीबीई_एस्क्रिप्ट’ फंक्शनला मेमरी-मर्यादा वेगळी दिली नाही तर ती ३२ मेबिबाइट धरली जाते. एन ३२,७६८ आणि आर ८ घेतला तर सूत्राने बरोबर ३२ मेबिबाइट येतात, म्हणजे बसायला हवे. बसत नाही, कारण मुख्य तक्त्याशिवाय थोडी जास्तीची जागा लागते आणि मर्यादा काही किबिबाइटांनी ओलांडली जाते. तुमची लायब्ररी आतून ओपनएसएसएल वापरत असेल, तर ही मर्यादा कुठे वाढवायची ते त्याच परिच्छेदात सांगा. नाहीतर वैतागलेला माणूस एन निम्मा करून मोकळा होतो.

सॉल्टची ओळ मी जवळून दाखवतो, कारण बहुतेक लायब्ऱ्यांत ती सर्वांत कमी लेखलेली ओळ असते. आपोआप तयार झालेली ओळ साधारण अशी: ‘सॉल्ट: वापरायचे सॉल्ट.’ त्याऐवजी असे लिहा:

‘सॉल्ट (बाइट). प्रत्येक पासवर्डसाठी नवे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित रँडम स्रोतातून घेतलेले १६ बाइट. ते गुप्त ठेवण्याची गरज नाही, पण हरवता कामा नये: पासवर्ड आठवत असूनही सॉल्टशिवाय तीच किल्ली परत काढता येणार नाही. एन्क्रिप्ट केलेल्या डेटाच्या सुरुवातीला, अल्गोरिदमचे नाव व सर्व पॅरामीटरांसोबत साठवा. काढलेली किल्ली मात्र साठवू नका. हेक्स स्वरूपातला मजकूर दिल्यास तो डिकोड होत नाही. त्यातली अक्षरेच बाइट म्हणून धरली जातात.’

शेवटचे वाक्य उगाच नाही. १६ बाइटचे सॉल्ट हेक्समध्ये लिहिले की ३२ अक्षरे होतात. एका बाजूने डिकोड करून १६ बाइट दिले, दुसऱ्या बाजूने अक्षरेच ३२ बाइट म्हणून दिली, की जुळत नसलेल्या किल्ल्यांची नवी तक्रार तयार. ‘दुसऱ्या लायब्ररीत वेगळे उत्तर येते’ म्हणणाऱ्याला आधी दोन्हीकडच्या सॉल्टची बाइट-लांबी छापायला सांगा. पुष्कळदा तिथेच निकाल लागतो.

पासवर्डचे बाइट हा याहून नाजूक विषय, आणि देवनागरीत तो फार स्वच्छ दिसतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ हा युनिकोडमध्ये एकच वर्ण म्हणून आहे. यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १७७ हे तीन बाइट. पण तोच ऱ साधा र आणि त्यापुढे नुक्ता असा दोन वर्णांनीही लिहिता येतो. तेव्हा २२४, १६४, १७६ आणि २२४, १६४, १८८ असे सहा बाइट होतात. तिसरी रीत काही कीबोर्डांची: र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर शब्द तसाच, आतला मजकूर २१, २४ आणि पुन्हा २४ बाइटांचा, आणि तिन्हींतून निघणाऱ्या किल्ल्या पूर्ण वेगळ्या. एनएफसी सामान्यीकरण (एकाच मजकुराची वेगवेगळी युनिकोड रूपे एका रूपात आणण्याची ठरलेली रीत) केले तर पहिल्या दोन रीती एक होतात. तिसरी तरीही वेगळीच राहते, कारण जॉइनरला एनएफसी हात लावत नाही. म्हणून ‘युनिकोड आपोआप सांभाळले जाते’ असले विधान पानावर कधीही करू नका. लायब्ररी फक्त बाइट घेते असे सरळ सांगा. मजकुराचे बाइट कॉल करणाऱ्याने यूटीएफ-८ मध्ये करावेत, त्याआधी एनएफसी करावे (आरएफसी ८२६५ मधला पासवर्डांचा नियम तेच सांगतो), आणि हा निर्णय एकदा घेतला की बदलू नये. नंतर सामान्यीकरण सुरू केले तर आधीच्या काही वापरकर्त्यांचे कुलूप कायमचे बंद होते. किल्ल्या साठवण्याच्या पीकेसीएस १२ या फाइल-स्वरूपाचा जुना केडीएफही तुमच्याकडे असेल तर त्याच्या पानावर अपवाद नोंदवा: तिथे यूटीएफ-८ नसून दोन-दोन बाइटांचे वर्ण लागतात, शेवटी दोन शून्य बाइटांसह.

लांब पासवर्डचे काय होते हेही लिहायला हवे. पीबीकेडीएफ२ आतून एचमॅक वापरते, आणि एचमॅकची किल्ली हॅशच्या ब्लॉकपेक्षा मोठी असेल तर ती आधी हॅश केली जाते. एसएचए-२५६ साठी हा ब्लॉक ६४ बाइटचा. देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइटांचा, म्हणजे २२व्या वर्णाला ही हद्द ओलांडली जाते. यात सुरक्षेची पडझड होत नाही. फक्त तो लांब पासवर्ड आणि त्याचा हॅश या दोघांतून एकच किल्ली निघते, आणि ते पाहून कुणीतरी ‘बग सापडला’ म्हणून धावत येतो. एक ओळ लिहून ठेवली की ती धावपळ वाचते. मात्र तो हॅश तुमचा कोड प्रत्येक इटरेशनला नव्याने काढत असेल, तर एक मेगाबाइटचा पासवर्ड पाठवून कुणीही सर्व्हर अडकवू शकतो. २०१३ मध्ये जँगो या पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कला नेमक्या याच कारणाने सुरक्षा-दुरुस्ती काढावी लागली होती. तुमचा कोड तो हॅश एकदाच काढून ठेवतो का, हे पानावर नोंदवा. लायब्ररीत बीक्रिप्ट हे पासवर्ड-हॅशचे फंक्शन असेल तर इशारा अधिक कडक हवा: ७२ बाइटांनंतरचे सगळे त्यात दुर्लक्षिले जाते, म्हणजे देवनागरीचे २४ वर्ण.

पीबीकेडीएफ२ च्या पानावर आणखी एक मुद्दा हवाच, आणि तो सहसा कुठेच नसतो. हॅशच्या लांबीपेक्षा जास्त बाइट मागू नयेत. एसएचए-२५६ एका ब्लॉकमध्ये ३२ बाइट देते. एन्क्रिप्शनसाठी ३२ आणि एचमॅकसाठी ३२ असे ६४ बाइट एकदम मागितले, की फंक्शन दोन ब्लॉक काढते आणि ६ लाख इटरेशन दोनदा चालवते. तुमचा वेळ दुप्पट जातो. हल्लेखोराला मात्र अंदाज पडताळायला दोनपैकी जो ब्लॉक उपयोगी तेवढाच काढला तरी भागते, म्हणजे त्याचा खर्च जिथल्या तिथे. उपाय सोपा आहे: ३२ बाइटच घ्या आणि त्यातून एचकेडीएफच्या विस्तार टप्प्याने वेगवेगळ्या इन्फोसह (किल्ली कशासाठी ते सांगणारे बाइट) दोन किल्ल्या काढा. या दोन पायऱ्यांचे चालते उदाहरण त्याच पानावर ठेवा. ‘एचकेडीएफचे पान पाहा’ म्हटले की कुणी पाहत नाही.

एचकेडीएफबद्दल. ह्यूगो क्रॉचिक यांची ही रचना आरएफसी ५८६९ मध्ये (२०१०) आली, आणि तिचे दोन टप्पे आहेत: गाळणे आणि विस्तार. लोक इन्फो आणि सॉल्ट यांची गल्लत करतात, कारण दोन्ही बाइट आणि दोन्ही ऐच्छिक. सॉल्ट गाळण्याच्या टप्प्यात जाते आणि कच्च्या गुपितातला असमानपणा काढायला मदत करते. इन्फो विस्तारात जाते आणि ही किल्ली कशासाठी आहे ते बांधून टाकते. एकाच गुपितातून दोन किल्ल्या हव्या असतील तर बदलायचा तो इन्फो. गो या प्रोग्रॅमिंग भाषेने आपल्या प्रमाण लायब्ररीत इन्फोचा टाइप स्ट्रिंग ठेवला आणि सॉल्टचा बाइट. अदलाबदल केली तर कंपाइलरच अडवतो. मला हा निर्णय फार आवडतो. तुमच्या एपीआयला ते शक्य नसेल तर निदान उदाहरणांत प्रत्येक आर्ग्युमेंट नावानिशी द्या. आरएफसीमध्ये क्रम ‘सॉल्ट, मग गुपित’ असा आहे आणि अनेक लायब्ऱ्यांत त्याच्या उलट.

त्याच पानावर या बारीकसारीक गोष्टी जाऊ द्या: कमाल लांबी हॅशच्या २५५ पट, म्हणजे एसएचए-२५६ ला ८,१६० बाइट. सॉल्ट न देणे, रिकामे देणे आणि ३२ शून्य बाइट देणे यांत फरक नाही, कारण एचमॅक किल्ली शून्यांनीच भरून काढतो. तोच इन्फो ठेवून आधी १६ आणि मग ३२ बाइट मागितले तर पहिले १६ तेच येतात. लांबी बदलल्याने किल्ली ‘वेगळी’ होत नाही. आणि इन्फोमध्ये दोन मजकूर नुसते चिकटवू नका: ‘कर’ व ‘वत’ जोडले काय आणि ‘करव’ व ‘त’ जोडले काय, बाइट तेच. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहा.

एक्स९.६३ आणि कॉन्कॅट केडीएफ यांच्या पानांवर गद्य कमी आणि आकृती जास्त असावी. दोन्ही म्हणजे काउंटर लावून केलेला हॅश, आणि दोन्हींत काउंटर चार बाइटांचा, मोठा बाइट आधी, १ पासून सुरू. फरक एवढाच: एक्स९.६३ मध्ये क्रम ‘गुपित, काउंटर, माहिती’. कॉन्कॅटमध्ये ‘काउंटर, गुपित, माहिती’. आयएसओ १८०३३-२ मधल्या केडीएफ१ मध्ये काउंटर ० पासून सुरू होतो, केडीएफ२ मध्ये १ पासून. तीन चौकटी ओळीत काढून दाखवल्या की वाद संपतो. कॉन्कॅटच्या ‘माहिती’चे स्वरूप प्रोटोकॉल ठरवतो, त्यामुळे जोस (जेसॉनमधल्या एन्क्रिप्शन व सह्यांचे मानक) वापरणाऱ्यांसाठी लिहा: अल्गोरिदमचे नाव आणि दोन्ही पक्षांची माहिती यांच्या आधी प्रत्येकी चार बाइटांची लांबी लागते, आणि किल्लीची लांबी तिथे बिटमध्ये.

याच पानावर ठळक चौकटीत एक इशारा: ईसीडीएचचे मूल्य नेहमी ठरलेल्या लांबीचे हवे, पी-२५६ या वक्राला ३२ बाइट, पी-५२१ ला ६६. कुणी ते मोठ्या पूर्णांकात बदलून परत बाइट केले की पुढचा शून्य बाइट गळतो. पी-२५६ वर असे साधारण दर २५६ वेळांमध्ये एकदा घडते. चाचण्या हिरव्या राहतात, आणि प्रत्यक्ष वापरात अधूनमधून, कारण न सांगता, एखादी जोडणी तुटते.

आता आकडे आणि डिफॉल्ट. पीबीकेडीएफ२ च्या मूळ आरएफसी २८९८ मध्ये (२०००) किमान १,००० इटरेशन सुचवले होते. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेचा २०२३ पासूनचा सल्ला एसएचए-२५६ साठी ६ लाखांचा आहे. जँगो ४.२ मध्ये हाच आकडा ६ लाख, ५.० मध्ये ७ लाख २० हजार. म्हणजे पानावर लिहिलेला कोणताही आकडा शिळा होणारच. त्याच्याशेजारी वर्ष छापा, आणि आवृत्ती काढण्याच्या कामांच्या यादीत तो तपासण्याची नोंद ठेवा. शक्य असेल तर इटरेशनला डिफॉल्ट देऊच नका. क्रिप्टोजेएसमध्ये वर्षानुवर्षे डिफॉल्ट एसएचए-१ आणि इटरेशन १ असे होते. २०२३ मध्ये ४.२.० आवृत्तीत ते बदलले गेले. ओपनएसएसएलच्या ‘एन्क’ आदेशाचा डिफॉल्ट हॅश १.१.० मध्ये एमडी५ वरून एसएचए-२५६ झाला, आणि जुन्या फायली उघडताना लोकांना ‘बॅड डिक्रिप्ट’ एवढेच दिसू लागले. डिफॉल्ट असलाच तर कोणत्या आवृत्तीपासून कोणता, हा इतिहास बदल-नोंदीत न दडवता त्या पॅरामीटरच्या खालीच लिहा.

आर्गॉन२ च्या पानावर लेन (काम ज्या समांतर पट्ट्यांत वाटले जाते त्या) आणि थ्रेड (त्या प्रत्यक्ष चालवणारे धागे) यांतला फरक स्पष्ट करा. लेन बदलल्या की उत्तर बदलते. थ्रेड बदलले की फक्त वेग. लॅपटॉपवर ४ आणि लहान सर्व्हरवर १ असे कुणी ‘मशीन पाहून’ लेन ठरवल्या तर तोच पासवर्ड दुसऱ्या मशीनवर चालत नाही. आरएफसी ९१०६ चा दुसरा पर्याय टी (फेऱ्या) ३, पी (लेन) ४, मेमरी ६४ मेबिबाइट असा आहे. लिबसोडियमच्या पासवर्ड-फंक्शनमध्ये मात्र लेन नेहमी १ असते, त्यामुळे तो पर्याय तिथे जसाच्या तसा निघत नाही. दोघांशी जुळायचे असेल तर पी १ ठेवा, हे तुमच्या पानाने सांगितले पाहिजे.

उदाहरणांविषयी माझे मत ठाम आहे: लोक गद्य वाचत नाहीत, उदाहरण उचलतात. म्हणून उदाहरणात सॉल्ट लिहून ठेवलेले नसावे, ते रँडम स्रोतातून घेतलेले दिसावे. आणि तुलना करताना दुहेरी बरोबरचे चिन्ह न वापरता लायब्ररीचे स्थिर वेळेचे (किती बाइट जुळले यावर ज्याचा वेळ बदलत नाही असे) पडताळणी फंक्शन वापरलेले असावे. काही लायब्ऱ्यांत केडीएफचे ऑब्जेक्ट एकदाच वापरता येते आणि दुसऱ्या कॉलला एक्सेप्शन येते. तसे असेल तर उदाहरणात पडताळणीसाठी नवे ऑब्जेक्ट बनवून दाखवा.

टेस्ट व्हेक्टर (ठरलेले इनपुट आणि त्याचे अपेक्षित उत्तर) या उदाहरणांपासून वेगळे, पानाच्या तळाशी, ‘फक्त जुळवणीसाठी’ अशा शीर्षकाखाली. पीबीकेडीएफ२ साठी आरएफसी ६०७० पुरते, पण त्यातले व्हेक्टर एसएचए-१ चे आहेत हे सांगा. त्यातला शेवटचा वगळू नका: पासवर्ड आणि सॉल्ट या दोन्हींच्या पोटात एकेक शून्य बाइट आहे, आणि सी-स्ट्रिंगसारखे शून्यावर थांबणारे कोड तिथेच पकडले जातात. एचकेडीएफला आरएफसी ५८६९ मधले, एस्क्रिप्टला आरएफसी ७९१४ मधले. सगळे व्हेक्टर डॉक्युमेंटेशन तयार होतानाच चालवून तपासा, पण दोन ठिकाणी ते विनाकारण लाल होतील. एस्क्रिप्टच्या एका व्हेक्टरला एन १०,४८,५७६ आहे आणि १ गिबिबाइट मेमरी लागते. लहान चाचणी-मशीनवर तो वेगळ्या गटात टाका. आणि ओपनएसएसएल ३ च्या फिप्स (अमेरिकी सरकारी सुरक्षा-मानक) प्रोव्हायडरमध्ये पीबीकेडीएफ२ ला सॉल्ट किमान १६ बाइट, इटरेशन किमान १,००० आणि किल्ली किमान १४ बाइट अशी तपासणी मुळातच चालू असते. आरएफसी ६०७० मधले चार बाइटांचे सॉल्ट आणि एका इटरेशनचा व्हेक्टर तिथे नाकारला जातो. हे नाकारणे योग्यच आहे. पानावर तसे लिहिले नसेल तर पहिली तक्रार त्याचीच येईल.